राखणीला पारूअक्का

कॅराव्हॅन हुबळीतल्या उणकलच्या घरासमोर येऊन उभी राहिली तेव्हा वत्सलाबाईंनी सगळ्यांत आधी आतली खिडकी तपासली. पलंगावर आडवं झालं की ती बरोबर डोळ्यांसमोर येत होती. लग्न झाल्यापासून घरात सर्वांआधी त्याच उठत आल्या होत्या, आणि उठल्या उठल्या चहाचं पातेलं गॅसवर. या सहलीला त्या तयार झाल्या त्या एकाच अटीवर. एक सकाळ अशी पाहिजे, की डोळे उघडल्यावर समोर समुद्र असेल आणि कुणी चहा मागणार नाही.

"त्यासाठीच पलंगाची गाडी सांगितलीय की," बाळकृष्ण म्हणाले. दुर्गदबैलच्या बाजारातलं कापडाचं दुकान त्यांनी कितीतरी वर्षांनी बंद ठेवलं होतं. "हॉटेल न्हाई, पाव्हणे न्हाईत. आपण, जंगल आणि समुद्र."

गाडी त्यांची मुलगी स्वाती चालवणार होती. तिनं धारवाडला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. यल्लापूरपुढच्या सदाहरित जंगलात दुपारभर पायी हिंडायचं आणि मुक्कामाला किनाऱ्यावर जायचं, असा तिचा बेत होता. बेतात काही खोट नव्हती. फक्त निघताना बाळकृष्णांनी गाडीला टेकून फोटो काढला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला: 'कारवारकडे प्रस्थान.'

गाडी हुबळीबाहेर पडायच्या आत कलघटगीच्या आत्याचा फोन आला.

"दारावरनं जाणार आणि पायरी चढणार न्हाईस? आम्ही मेलो काय रे बाळ्या?"

आत्या जिवंत असल्यामुळे थांबावं लागलं. उप्पीट झालं, शिरा झाला, आणि निघताना भुईमुगाच्या शेंगांचं पोतं गाडीत चढलं. आता कलघटगीला थांबल्याचं कळल्यावर बाळकृष्णांच्या यल्लापूरच्या बहिणीला टाळणं म्हणजे उघड भांडण. तिथं जेवण. ज्या वेळात जंगलात हिंडायचं त्या वेळात सगळे तिच्या ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. बहिणीनं दोन फणस दिले. ते गडगडू नयेत म्हणून पलंगावर निजवले आणि वत्सलाबाईंच्या चादरीनं बांधले.

"आई, जंगल तेवढं खिडकीतनंच बघ," स्वाती घाट उतरताना म्हणाली. तिचा आवाज जरा पडला होता. "वरची झाडं सगळा उजेड घेतात बघ. खाली जेमतेम पोचतो. खालची रोपटी तशीच बारकी राहतात, वर्षानुवर्षं. वरचं एखादं झाड पडलं की मग वाढतात."

"आणि न्हाई पडलं तर?"

"तर वाट बघतात."

वत्सलाबाई बराच वेळ त्या हिरव्या अंधाराकडे बघत राहिल्या. बाळकृष्ण घोरत होते.

कारवारच्या अलीकडं हमरस्त्यावर एक माणूस दोन्ही हात पसरून उभा होता. स्वातीनं करकचून ब्रेक मारला. बाळकृष्णांचे चुलतभाऊ बाबूअण्णा.

"घाट उतरायला किती वेळ लागतो म्हाईत हाय मला," ते दारातून आत डोकावत म्हणाले. "मासे आणून ठेवलेत. चल, वळव गं पोरी."

"अण्णा, आम्ही गाडीतच झोपणार हाय," वत्सलाबाई धीर करून म्हणाल्या. "समुद्रावर."

"घर असताना? उद्या गाव म्हणंल, बाबूनं भावाला रस्त्यावर झोपवलं. सुम्ने कूडरी वहिनी, गप बसा."

गाडी बाबूअण्णांच्या अंगणात लागली. समुद्र तिथून ऐकू येत होता, पण मधे माडांची बाग होती, आणि वत्सलाबाईंच्या खिडकीसमोर न्हाणीघराची भिंत.

जेवणं झाल्यावर बाबूअण्णांची बायको पारूअक्का गाडी बघायला आली. ती पलंगाच्या कडेवर बसली. उशीजवळचा छोटा दिवा तिनं लावला, विझवला, पुन्हा लावला. मग म्हणाली, "हितं राखणीला कोणतरी पायजे. वानरांना फणसाचा वास लागला तर काच फोडतील."

"वानरं अंधारात येत न्हाईत अक्का," स्वाती म्हणाली.

"आमच्याकडची येतात," असं म्हणून अक्कानं फणस उचलून खाली ठेवले आणि दार आतून लावून घेतलं.

वत्सलाबाई घरात माजघरात झोपल्या. त्यांना अक्काचा राग आला होता, आणि पाहुण्यानं राग करू नये म्हणून स्वतःचाही आला होता.

पहाटे सवयीनं जाग आली. ओसरीवरून बाबूअण्णांचा आवाज आला, "पारू, चहा." मग बाळकृष्णांचा, "वत्सला, उठलीस काय?" दोन्ही आवाज सारखेच होते. वत्सलाबाई परक्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. पातेलं सापडलं, पूड सापडली. साखर कुठं आहे ते विचारायला त्या अंगणात गेल्या आणि गाडीच्या दारावर बोटानं टकटक केलं.

अक्का जागीच होती. केस नीट बांधून पलंगावर बसली होती आणि न्हाणीघराच्या भिंतीकडे बघत होती.

"झोप लागली काय?"

"कुठली? चार वाजल्यापासनं बसलीया," अक्का म्हणाली. "कुणी हाक मारायच्या आधी उठून असं नुसतं बसता येतंय काय, ते बघत होते."

"मग?"

"येतंय." माडांकडं बोट दाखवून ती म्हणाली, "लग्न करून आले तेव्हापासनं रोज समुद्राचा आवाज ऐकतीया. सकाळचा समुद्र काय अजून बघितला न्हाई."

वत्सलाबाईंचा राग कुठं गेला ते त्यांना कळलं नाही. त्या घरात गेल्या, स्वातीला उठवलं आणि किल्ली घेऊन चल म्हणाल्या.

होड्या लावतात तिथपर्यंत डांबरी रस्ता होता. स्वातीनं गाडी आडवी लावली. सूर्य मागच्या डोंगराआडून येत असल्यामुळे उजेड आधी लांबच्या पाण्यावर पडला आणि हळूहळू किनाऱ्याकडे सरकू लागला. स्वातीनं ते समजावून सांगायला तोंड उघडलं आणि दोघींचे चेहरे बघून मिटलं. पलंगावर दोघी शेजारीशेजारी पडल्या होत्या.

फोन वाजला. बाळकृष्ण होते.

"वत्सला, गाडी चोरीला गेली. आत पारूवहिनी हायत. बाबू पोलिसात जाऊया म्हणतोय."

"आम्हीच आणलीय. समुद्रावर हाय."

पलीकडे दोघं काहीतरी कुजबुजले. "मग चहाचं काय?"

वत्सलाबाईंनी अक्काकडे बघितलं. अक्कानं फोन आपल्या हातात घेतला.

"भावजी, ही बाहेरगावची गाडी. हिच्यात बसलेली पाव्हणी. पाव्हण्यांकडं चहा कोण मागतंय? त्यांस्नी आणून देत्यात."

बऱ्याच वेळानं माडांच्या बागेतून दोन माणसं येताना दिसली. एकाच्या हातात फडक्यात धरलेली किटली होती, दुसऱ्याच्या हातात कप, आणि दोघं वाद घालत होते. खिडकीतून कप आत आले. वत्सलाबाईंनी एक घोट घेतला. चहात साखर नव्हती.

"साखर?" त्या म्हणाल्या.

"सापडली न्हाई," बाबूअण्णा म्हणाले. "डबे काय थोडे हायत काय घरात."

डबा कुठं आहे ते वत्सलाबाई अक्काला विचारणार होत्या. अक्कानं त्यांचा हात हळूच दाबला आणि शांतपणे कप संपवला.

"झकास झालाय," ती म्हणाली. "उद्याबी असाच करा."