म्हात्रे सरांचे घरी परतणारे खेकडे

आमच्या कॉलेजातले म्हात्रे सर पेणच्या बाजारात नेलपॉलिश घ्यायला गेले की दुकानदार पोरीबाळींना बाजूला करून त्यांना पुढे बोलावतो. सर बाटली उजेडात धरतात आणि गंभीरपणे विचारतात, "हे खाऱ्या पाण्यात टिकेल ना?" एखादं नवं गिऱ्हाईक हळूच सरांच्या नखांकडे बघतं. जुन्यांना माहीत आहे की हा रंग खेकड्यांच्या पाठीला लागणार आहे.

सर रोह्याला बी.एस्सी.च्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवतात, मी मराठी. दोघंही पेणला राहतो, त्यामुळे जाता-येता गाडीत त्यांचा विषय मलाही शिकावा लागतो. प्राण्यांचं वागणं हा त्यांचा विषय, आणि प्राण्यांत त्यांनी माणसांनाही धरलेलं आहे. एकदा मी म्हटलं, "आज प्राचार्य माझ्यावर चिडले होते."

"चिडले हे तुमचं मत झालं, मॅडम. वागणं सांगा."

मी सांगितलं. प्राचार्यांनी घड्याळ बघितलं, टेबलावरचे कागद गोळा केले, दोनदा दाराकडे बघितलं.

"मग चिडले कुठे? त्यांना घरी जायचं होतं."

निडी स्टेशन येईपर्यंत मला ते पटलंसुद्धा.

त्यांचे लाडके खेकडे म्हणजे खाडीच्या चिखलातले ते बोटभर खेकडे, ज्यांच्या नराची एकच नांगी भलीमोठी असते. ती हलवून तो मादीला बोलावतो. सर हे फळ्यावर काढून दाखवत नाहीत, करून दाखवतात. एकदा वर्गाच्या दारात उभे राहून ते असाच उजवा हात हलवत होते आणि समोरून ग्रंथपाल बाई येत होत्या. त्या बिचाऱ्या लगबगीने जवळ आल्या. "काय सर, बोलावलंत?"

"तुम्हाला नाही हो," सर म्हणाले, "मादीला बोलावतोय."

तो तास तिथेच संपला. सरांना मात्र मुलं का हसली ते आजतागायत कळलेलं नाही.

यंदा सर निवृत्त होणार. आयुष्यभर स्टाफरूममध्ये "काय सर, आज कालवण कशाचं?" एवढंच ऐकत आलेल्या या माणसाच्या हाती शेवटच्या वर्षी मोठं घबाड लागलं. वडखळजवळच्या मिठागरांत त्यांचं लहानपण गेलं, तिथेच त्यांचा प्रयोग चालायचा. खेकड्याच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा, त्याच्या बिळाशी त्याच रंगाची काठी रोवायची, आणि त्याला उचलून पार पलीकडच्या बांधावर सोडून यायचं. पुढच्या रविवारी जाऊन बघावं तर खेकडा आपल्या बिळाशी हजर.

"इतक्या लांबून कोणी परत येत नाही, मॅडम," गाडीत माझ्याकडे वळून ते म्हणाले. "माझे येतात." मुंबईच्या एका परिषदेने त्यांना निबंध वाचायला बोलावलं होतं. सरांनी त्यासाठी नवा शर्ट शिवायला टाकला. मलाही मनापासून आनंद झाला होता.

परिषदेच्या आदल्या रविवारी फोटो काढायला मी त्यांच्याबरोबर गेले. सर बिळापाशी उकिडवे बसले होते. तेवढ्यात मिठागरावर काम करणाऱ्या हिराबाई डोक्यावरची टोपली सावरत आल्या.

"सर, तुमचा तो लाल ठिपक्याचा लय भटक्या हाय. काल परत पलीकडं गावला. आनून सोडला मी त्याच्या बिलात."

सर वळले. "आणि बाकीचे गो?"

"ते पन आमीच आनतो. मी, नायतर माजी सून. काठीला रंग लावलाय नव्हं तुमी? मग घर चुकत नाय."

वर्षभराचं काम चिखलात गेलं होतं. मला त्या बाईचा असा राग आला! "अहो, पण हा उपद्व्याप तुम्हाला सांगितला कोणी?"

हिराबाईंनी टोपली खाली ठेवली. "सांगतंय कोन? खेकडा घरी गावला की सर कसं हासतात, ते तुमी बगितलं नाय. वैनी गेल्यापास्नं या मानसाला हासताना बगितला नव्हता आमी. पोरगा तिकडं दुबईला, तो येत नाय. म्हटलं, खेकडं तरी येवदे."

मला वाटलं, सर आता प्रयोग म्हणजे काय ते तिला समजावून सांगतील. ते उठले, हाताचा चिखल झटकला आणि म्हणाले, "बरं केलंस गो."

परतीच्या रिक्षात त्यांनी सांगितलं, "परिषदेला उद्या कळवतो, निबंध मागे घेतला म्हणून."

"तिला नीट सांगा ना, सर. पुन्हा करता येईल."

"नाय," सर म्हणाले. कॉलेजात ते कधी 'नाय' म्हणत नाहीत. "तिला नाय सांगायचं."

पेण आलं. उतरल्यावर रिक्षावाल्याने सुटे पैसे परत दिले, ते मुठीत धरूनच सर माझ्याकडे वळले.

"मॅडम, मला वाटायचं, त्या बांधावर मी एकटाच असतो."