सहा आठवड्यांचा वास

“माक, तू दिवसातून स्वतःसाठी किती मिनिटं काढतेस?”

हा प्रश्न मी आईला आपणहून विचारला नव्हता! माझ्या वर्गातल्या बल्किसने आणि तिच्या टोळीने तो पैज लावून विचारायला लावला.

“अकरा,” साबणाच्या वड्या केळीच्या पानात गुंडाळता गुंडाळता माक म्हणाली. “संडासात. त्यातही इरफान दार बडवतो.”

इरफान माझा भाऊ, वय वर्षं तीन. तो बडवतो तेव्हा शेजारच्यांना भूकंप वाटतो!

मी तिथल्या तिथे जाहीर केलं, “शनिवारी तू मालिशवाल्या आजींकडे जा. धंदा मी बघते!” माकच्या साबण-पावडरच्या घरगुती धंद्याचे सगळे फोटो मीच काढते, त्यामुळे मला धंदा पूर्ण कळतो, असा माझा ठाम समज होता.

शनिवारी इरफानला घेऊन अबाह, म्हणजे माझे वडील, मासे धरायला गेले आणि माक स्कूटरवर बसली. निघता निघता ओरडली, “मोठ्या बरणीचं पाणी बदल गं, हानिस!”

मी बरणीचं झाकण काढलं आणि दोन पावलं मागे उडाले! शाळेच्या बसमध्ये आठवडाभर बोकड कोंडून ठेवावा, तसा वास! आत तांदूळ. नासलेले! बिचारी माक, कामाच्या गडबडीत तांदूळ भिजवून विसरली!

मी काय केलं? तांदूळ शेजारच्या बदकांना घातले. बदकांनी लग्नाच्या पंगतीसारखा ताव मारला. मग बरणी लिंबाने घासून लख्ख केली आणि नवे तांदूळ भिजवले. स्वतःवर इतकी खूश झाले की आरशाला टाळी दिली!

तेवढ्यात रोकियाह माकचिक, म्हणजे रोकियाह मावशी, आल्या. पंधरा दिवसांवर त्यांच्या मुलीचं लग्न.

“नवरीच्या बेडाक सेजुकचे तांदूळ बघायला आले गं. सहा आठवडे भिजले ना?”

बेडाक सेजुक म्हणजे चेहऱ्याला लावायची आमची थंडगार तांदळाची पावडर. मी फोटो काढते ते तिच्या वाळलेल्या पांढऱ्या थेंबांचे. त्याआधी तांदूळ इतके कुजवतात, हे कोणत्या फोटोत दिसतं?

माकचिकनी हवेत नाक फिरवलं. “वासच नाही? तुझी माक बाजारचं पीठ मिसळायला लागली की काय?”

माझ्या माकच्या नावाला बट्टा! कदापि नाही!

“येतो ना वास! बरणी आत आहे, आणते!”

स्वयंपाकघरात मी बेलाचान, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, तव्यावर धूर निघेपर्यंत भाजला आणि बरणीत ढकलला. उग्र वासाच्या दुरियान फळाची सालं ढकलली. तरी कमी वाटलं, म्हणून अबाहंचा मासेमारीचा जुना बूट कोंबला!

बाहेरून आवाज आला, “अगंबाई! हाच तो! अगदी माझ्या आजीच्या घरचा!” मी बरणी घेऊन बाहेर आले, तर माकचिकचे डोळे भरून आलेले. बेलाचानच्या धुराने असतील, पण भरून आले!

आणि दारात माक. अंगाला तेल, गाल गुलाबी, तीन वर्षांत पहिल्यांदा खांदे खाली आलेले. तिने एकदाच श्वास घेतला.

“हानिस, बेलाचान का भाजलंस?”

तिने बरणीत हात घातला. बूट बाहेर आला.

माकचिक बुटाकडे बघत राहिल्या. माकचे खांदे पुन्हा वर चढले. मला वाटलं, संपलं! गिऱ्हाईक गेलं, माकचं नाव गेलं, मीही गेले!

मी एका दमात सगळं कबूल केलं. बदकांसकट!

“चूक माझी,” माक म्हणाली. “पाणी बदल म्हटलं, आत काय आहे ते सांगितलंच नाही.” मग मागच्या अंगणातून एक छोटी बरणी घेऊन आली. तिला मोठ्या बरणीपेक्षाही भयंकर वास! “ही मी स्वतःसाठी भिजवली होती. नवरीला पुरेल.”

“आणि तुझं काय गं?” माकचिकनी विचारलं.

“माझा चेहरा कुठे पळून चाललाय?”

माकचिक खदखदून हसल्या आणि बरणी मिठीत घेऊन तिथेच बसल्या. मला मात्र हसू येईना. सहा आठवडे रोज पाणी बदलून तिने स्वतःसाठी एकच गोष्ट केली होती, आणि ती एका वाक्यात देऊन टाकली! अशी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. बदकं मात्र त्या दिवशी फार तेजस्वी दिसत होती!

रात्री जेवताना मी चमचा ताटावर वाजवला.

“माक, अबाह, माझा निर्णय झालाय! आता छोट्या बरणीत नवे तांदूळ भिजवायचे, ते फक्त माकचे, त्यांना गिऱ्हाईक नाही! पाणी रोज मी बदलणार. बरणी माझ्या खोलीत राहणार. आणि सहा आठवडे मी बाहेर सोफ्यावर झोपणार!”