नमिताला दाखवण्याचा कार्यक्रम

कॉलेजवाले अर्ज कसे पारखतात, हे अख्ख्या सेलूत कोणाला ठाऊक असेल तर मला! उगाच नाही सांगत. माझा जन्म कचेरीत अर्ज घेण्यात गेला आणि सुटीच्या दिवशी मी लग्नं जुळवतो. पारखण्यात याहून निराळं काय असतं?

माझ्या भाचीला, नमिताला, पुण्याच्या डिझाइन कॉलेजातच जायचं होतं. लेखी परीक्षा पास झाली, चित्रांची फाइल पाठवली, आता लॅपटॉपवर मुलाखत. ती हुकली की वर्ष वाया! पोरीची झोप उडाली होती.

माझी बहीण यशोदा म्हणाली, "दादा, थे लोक काय पाह्यतेत, आमाले तं काईच समजून नाई राह्यलं."

"अवं, त्यायनं लिवलंच हाये ना! 'फक्त गुण नाही, संपूर्ण व्यक्तिमत्त्व पाहू.' संपूर्ण म्हंजे घरदार, वळण, माणसं! हा तं मुलगी पाह्याचा कार्यक्रम हाये!"

"मामा, ते माझं काम पाह्यतीन. मी विचार कसा करतो—"

"तू चूप! आधी मोठे बोलतात."

मुलाखतीच्या दिवशी नमिताने साडी साफ नाकारली. गजऱ्यावर तडजोड झाली. पडद्यावर एक मॅडम आणि एक सर उगवले. मी लगेच पुढे सरसावलो.

"नमस्कार! मी मुलीचा मामा!"

"आम्हाला नमिताशी बोलायचंय," मॅडम म्हणाल्या.

"बोलवतो की! आधी पोहे घ्या."

यशोदाने तर्रीपोह्यांची बशी कॅमेऱ्यासमोर धरली. "घ्या ना, लाजू नका!" थोडी तर्री कीबोर्डवरच सांडली.

तेवढ्यात नमिताचे आजोबा बापूजी खुर्ची ओढून बसले. "तुमच्याकडचं कोणी वडीलधारं दिसून नाई राह्यलं?"

"मी विभागप्रमुख आहे," सर म्हणाले.

"बरं. स्वभाव कसा हाये घरच्यायचा? पोरीले जाच तं नाई होणार ना?"

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. बोलणी लांबतायत म्हटल्यावर मी हुकमी पान टाकलं. "सर, स्पष्टच सांगतो. आम्हाला आणखी दोन ठिकाणांहून मागणी आहे!"

नमिताच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते पाहून मला पहिल्यांदा वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय.

सर घाईने म्हणाले, "नमिता, तुझ्या आसपासची एखादी अडचण दाखव. ती कशी सोडवशील?"

पोरीने डोळे पुसले. लॅपटॉप थेट माझ्याकडे फिरवला! मग पोह्यांची बशी माझ्या हातात दिली आणि दंड धरून मला अंगणात आणून सोडलं. पोह्यांमागे बापूजी आले, बापूजींमागे यशोदा. आतून कडी लागली.

दारातून तिचा आवाज ऐकू आला, अगदी ठाम. "अडचणीवर ओरडून उपयोग नसतो, सर. तिच्या हातात काहीतरी द्यायचं आणि तिला वाट मोकळी करून द्यायची."

नमिताची निवड झाली! मामानेच मुलगी दाखवली, असं मी गावभर सांगत सुटलो. चौथ्या दिवशी शेजारच्या जिजाबाई दारात हजर.

"भाऊ, आमच्या साकेतची मुलाखत हाये. तुमी येजा."

माझी छाती फुगली. "मार्गदर्शन करू?"

"नाई, नाई! तुमी निस्ते अडचण म्हणून बसजा. कडी आमी लावून घेऊ."

हो म्हणालो. पोहे देणार आहेत.