फरारी बाण आणि सात आज्या

जगात अस्सल गुप्तहेर दोनच. एक कोण ते कोणालाच माहीत नाही, कारण तो खरोखरच गुप्त आहे. दुसरी मी. मला अख्खी गल्ली ओळखते. वय बहात्तर, एक गुडघा कामातून गेलेला, पण नजर अशी की चष्मा सापडला तर समोरच्या गच्चीवरची पाल उपाशी आहे की जेवलेली, ते इथून सांगेन. आजवर एकशे एकोणीस प्रकरणं सोडवली. त्यातली एकशे अठरा चष्म्याचीच होती, पण त्याचा बोभाटा करायचं कारण नाही.

माझे मदतनीस म्हणजे आमचे हे. चाळीस वर्षं पोस्टात शिक्के मारले, त्यामुळे मी काहीही म्हटलं की ठप्पकन 'बरोबर' म्हणतात. वाचायच्या भानगडीत पडत नाहीत.

तर प्रकरण असं. आमच्या वाचनालयात दर शनिवारी चार ते पाच पोरांना गोष्ट सांगायचं काम अकरा वर्षं माझ्याकडे होतं. गोष्टी कसल्या, थापा! तीन महिन्यांपूर्वी मी तिथल्या जिन्यावरून पडले (पोरांना कळवलंय की मगरीनं ढकललं) आणि माझ्या खुर्चीत शेजारचे रिटायर हेडमास्तर जाऊन बसले. त्यांच्या गोष्टीतली जनावरंसुद्धा वेळेवर उठून दात घासतात.

शेवटी ग्रंथपाल बाईंचा फोन आला. "आजी, घरूनच कॉम्प्युटरवर सांगून बघता का? या शनिवारी जमलं, तर दर शनिवारी तुम्हीच. नाही जमलं, तर मात्र मला हेडमास्तरांना कायमचं सांगावं लागेल. पोरांना कोणीतरी नक्की हवं ना."

फोन ठेवला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा केस नीट विंचरले.

आमचा कॉम्प्युटर माझ्यासारखाच, चालू होताना कण्हणारा. नातीनं परगावी शिकायला जायच्या आधी त्यात लिनक्स नावाचं नवं सॉफ्टवेअर घातलं. "आजी, हे हलकं असतं. म्हातारं मशीन एकदम तरुण होतं."

"याच्या गोळ्या मिळतात का गं?" मी विचारलं.

तिनं सगळं सोपं करून ठेवलं होतं. एफ नऊचं बटण दाबायचं, वाचनालयाची खिडकी उघडणार, कॅमेरा आणि माईक आपोआप चालू. मी फक्त थापा मारायच्या.

शनिवारी साडेतीनला मशीन लावलं. पडद्यावर निळा डोंगर आला. फक्त डोंगर! रोजची चित्रं नाहीत, खालची पट्टी नाही, घड्याळ नाही. माउस हलवला तर बाण उजवीकडे सरकत सरकत गेला आणि कडेवरून पलीकडे नाहीसा झाला.

"अहो, बाण पळाला."

"बरोबर," हे म्हणाले.

"काय बरोबर? कुठे पळाला?"

"उजवीकडे."

असा मदतनीस असल्यावर शत्रूची गरज काय! नातीला फोन लावला, तर ती परीक्षेला बसलेली, फोन बंद. तिनं लिहून ठेवलेला कागद काढला. पहिली सूचना, 'घाबरू नकोस.' ती पाळायला उशीर झाला होता. दुसरी, 'बंद करून परत चालू कर.' केलं. डोंगर परत आला. तिसरी, 'टर्मिनल (हुकूम टाइप करायची काळी खिडकी) उघड.' त्यासाठीची तीन बटणं एकदम दाबली. डोंगर जागचा हलला नाही.

तेवढ्यात चार वाजले. एफ नऊ दाबलं. काही नाही. परत दाबलं. एकूण सात वेळा दाबलं, शेवटच्या दोन वेळा मुठीनं. ना खिडकी, ना आवाज. फक्त वरच्या कॅमेऱ्याचा बारीक हिरवा दिवा लागला.

मी खुर्ची मागे सरकवली. "अहो, दार लोटा. तपास सुरू."

पहिला संशय पुसण्यावर. "सकाळी पडदा तुम्ही पुसलात?"

"पुसला."

"कशानं?"

"ओल्या फडक्यानं."

"झालं! चित्रं धुऊन निघाली! फडकं आणा, फडक्यात असतील."

यांनी खरंच फडकं आणलं. आम्ही दोघांनी ते उजेडात धरून पाहिलं. त्यावर कालची आमटी होती.

दुसरा तर्क, कोणीतरी घरात शिरून बटणं दाबली. ठसे घेण्यासाठी मी कीबोर्डावर टाल्कम पावडरचा अर्धा डबा ओतला आणि फुंकर मारली. पावडर यांच्या तोंडावर, माझ्या डोळ्यांत, आणि ठसे निघाले ते सगळे माझे. म्हणजे चोर माझी बोटं घालून आला होता. भलताच बेरकी!

तिसरा तर्क करण्याआधी मी कवळी काढून वाटीत ठेवली. कवळीनं डोकं जखडतं, विचार फिरत नाहीत. मग टेबलाखाली शिरले. तिथे एक जाड काळी वायर मशीनमधून निघून भिंतीच्या भोकात जात होती. मी ती नीट पाहिली, हात लावून पाहिली, आणि हिचा या प्रकरणाशी काही संबंध नाही असं ठरवून टाकलं. बाहेर येताना टाळकं टेबलावर आपटलं. तिथेच डोक्यात चमकून गेलं.

"अहो, तो हिरवा दिवा बघा! गुन्हेगार आत आहे, आणि तो आपल्याकडे बघतोय!"

"बरोबर," हे म्हणाले.

मी कॅमेऱ्याला नाक लावून त्याला दम भरला. बिनकवळीचा दम. "बाहेल ये, मेल्या!"

दिवा जसाच्या तसा. आणि भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच.

मग मात्र तपास थांबला. मी खुर्चीत बसले. पंधरा मिनिटं उरली होती. तिकडे पोरं वाट बघून बघून कंटाळली असणार, हेडमास्तर घसा साफ करत असणार. गुडघा काही परत जिना चढू देणार नव्हता. "संपलं हो," मी म्हणाले. "आता मला कोण बोलावणार?"

यांनी या वेळी 'बरोबर' म्हटलं नाही. नुसते माझ्या केसांतली पावडर झटकत राहिले.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आमच्या थोरल्या जाऊबाई ओरडल्या. वय ऐंशी, पावणेपाचला त्यांची मालिका असते.

"अगं ए! माझ्या टीव्हीत पोरं बसलीत!"

"कुठली मालिका आहे?" मी तिथूनच विचारलं.

"मालिका कसली डोंबलाची! तीसेक पोरं आहेत, तुला हाका मारतायत. आणि बाजूला तू आहेस. सात वेळा!"

मी लंगडत बाहेर गेले. टीव्हीवर माझी चित्रं होती, खालची पट्टी होती, घड्याळ होतं, फरारी बाण होता. टर्मिनलची काळी खिडकीही होती. आणि सगळ्यांच्या वर सात चौकोनांत सात रिकाम्या खुर्च्या आणि सातही खुर्च्यांमागे पांढऱ्या तोंडाचे आमचे हे.

"आजी आली!" टीव्ही किंचाळला.

आदल्या दिवशी जाऊबाईंना नातीचे फोटो मोठे दाखवायला मीच ती काळी वायर मशीनला जोडली होती. तेव्हा मशीननं विचारलं होतं, यापुढे टीव्हीलाच मुख्य पडदा समजू का? मी हो म्हणाले. मला कोणी काही विचारलं की मी हो म्हणते, लग्नसुद्धा असंच झालं. टीव्ही बंद केला, वायर तशीच राहिली. मशीन बिचारं सगळं काम बंद टीव्हीवर इमानानं करत बसलं. आवाजही तिकडेच पाठवत होतं.

म्हणजे पाऊण तास पोरं आम्हाला बघत होती. फडकं, पावडर, कवळी, आणि टेबलाखालून बाहेर येताना माझी मागची बाजू. सात प्रतींत!

मी परत कॅमेऱ्यासमोर येऊन बसले, कवळी लावली. पोरांचं बोलणं जाऊबाई बाहेरून पोचवायला लागल्या.

"बाई म्हणतायत, त्यांना वाटलं हीच आजची गोष्ट!"

"आणि हेडमास्तर?"

"ते तिथेच आहेत. हसून हसून डोळे पुसतायत. म्हणतायत, खुर्ची तुमचीच, पण मलाही दर शनिवारी पुढच्या रांगेत जागा हवी!"

माझा जीव भांड्यात पडला.

"आता पोरं विचारतायत, गुन्हेगार कोण?"

मी खरं सांगितलं. आयुष्यात क्वचित सांगते. "मीच गं."

टीव्हीतून एकदम निषेध. मग जाऊबाई, "चालणार नाही म्हणतायत. गुप्तहेरच चोर, असा शेवट नको म्हणे. खरा चोर पकडून द्या!"

मी काही बोलायच्या आत आमचे हे पुढे आले. कॅमेऱ्यासमोर वाकून त्यांनी दोन्ही हात जोडून पुढे केले. "मीच केलं."

टीव्हीतून असा गलका झाला की जाऊबाईंनी कान झाकले. "का केलंत, विचारतायत!"

"तीन महिने हिच्या सगळ्या गोष्टी मला एकट्यालाच ऐकायला मिळत होत्या," हे म्हणाले. "म्हटलं, मशीन बंद पडलं तर आणखी थोडे दिवस मिळतील."

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर सगळी पावडर, त्यामुळे थाप की खरं ते काही ओळखता येईना.

गुन्हा कबूल झाला होता, तीस साक्षीदार होते. मी माउसची वायर काढली आणि जागेवरच त्यांचे हात बांधले. गाठ जरा सैलच मारली. चहा त्यांनाच करायचा होता.