जावईबापू सोडतात

"घरात वकील असताना बाहेर वकील शोधायचा म्हणजे दारातली विहीर सोडून गावभर घागर मिरवायची," असं ठणकावून मास्तरांनी आपली केस जावयाच्या गळ्यात घातली.

मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. त्यांच्याकडे शिकणाऱ्या एक दातांच्या डॉक्टरीणबाई परीक्षेला जाताना परिवहन कार्यालयाचं फाटक मोडून थेट आवारात घुसल्या. शेजारी मास्तर बसलेले. मग स्कूलचा परवाना रद्द का करू नये, यावर सुनावणी लागली.

पहिल्या तारखेला जावई अधिकारी मॅडमना म्हणाला, "मॅडम, ऐन वेळी ब्रेक लागले नाहीत."

मास्तर ताडकन उठले. "माझ्या गाडीचे ब्रेक? अहो, मुंगी आडवी आली तरी थांबते माझी गाडी."

दुसऱ्या तारखेला जावयाने फाटकच खिळखिळं असल्याचा मुद्दा काढला. मास्तरांनी मागून त्याचा कोट ओढला. "छे, छे, चांगलं भक्कम होतं. आमच्या बंपरचा पार चिवडा झाला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. जावयाने डोळे मिटले.

त्याच संध्याकाळी त्याचा सासूबाईंना फोन आला. "आई, मला आता हे झेपत नाही. मी सोडायचं ठरवलंय. बाबांना तुम्हीच सांगा, माझी हिंमत होत नाही. गुरुवारी मॅडमसमोर रीतसर मोकळा होतो." आणि फोन बंद. त्यांनी परत लावला, तर तो उचलेना.

लेक नेमकी चार दिवसांसाठी माहेरी आलेली. सासूबाईंनी मास्तरांना स्वयंपाकघरात ओढून सगळं सांगितलं. मास्तरांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"हिला माहीत असेल?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"चेहऱ्यावरून तरी वाटत नाही. मजेत टीव्ही बघतेय."

पोरीला विचारायचा धीर दोघांनाही होईना. मग गुरुवारपर्यंत तिचे नुसते लाड चालले. तिच्या हातातलं ताट काढून घेतलं जाई, येता-जाता डोक्यावरून हात फिरे. शेवटी तीच वैतागली. "मला काही आजार झालाय का? डॉक्टर तुम्हाला काही बोललेत का?"

गुरुवारी मास्तर रात्रभर न झोपलेले डोळे घेऊन सुनावणीला गेले. सासूबाई बाहेर बाकावर थांबल्या.

जावई उभा राहिला. "मॅडम, मला माघार घ्यायची परवानगी द्यावी. आमचं पटत नाही."

"त्यांना आधी कळवलंत का?" मॅडमनी विचारलं.

"घरून कळवलंय."

मास्तर हात जोडून उठले. "मॅडम, माझ्या पोरीचं काय चुकलं, तेवढं यांना विचारा."

मॅडमनी जावयाकडे पाहिलं. जावई सासऱ्यांकडे वळला. "बाबा, तिचा काय संबंध? मी वकीलपत्र मागे घेतोय. तुमची केस सोडतोय."

"फक्त केस?"

"फक्त केस."

"सोडा हो जावईबापू, खुशाल सोडा," म्हणत मास्तरांनी त्याला भर सुनावणीत मिठी मारली.

मॅडमनी माघारीला परवानगी दिली. "दुसरा वकील नेमायला मुदत हवी का?"

"नको. मीच बोलतो." छातीवरचा दगड उतरला होता; मास्तर भडाभडा बोलले. बाईंनी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. मास्तरांच्या बाजूलाही ब्रेक होता, पण तेव्हा ते बाईंना आपली दाढ दाखवत होते. चूक मास्तरांचीच. फाटक ते नवं बसवून देतील.

"हे पहिल्याच तारखेला का नाही सांगितलंत?" मॅडमनी विचारलं.

"वकील होता ना."

मॅडमनी ताकीद दिली आणि परवाना कायम ठेवला.

मास्तर तरंगतच बाहेर आले. सासूबाई धडपडत उठल्या. "काय झालं?"

"सोडलं. एकदाचं सोडलं त्यांनी," मास्तर हसत म्हणाले.

सासूबाईंनी तिथेच हंबरडा फोडला. शिपाई पाणी घेऊन धावला. मास्तर आणि जावई दोघं मिळून समजावत होते, तरी त्यांना खरं वाटायला बराच वेळ लागला. मग त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं आणि जावयाकडे वळल्या. सगळा जन्म त्यांनी शाळेत व्याकरण शिकवण्यात घालवला होता.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "'सोडणे' हे सकर्मक क्रियापद आहे. यापुढे आमच्या घरी फोन करताना कर्म आधी सांगायचं."