दाराबाहेरच्या चपला

आमच्या लग्नानंतर पंधरवड्याने कुंदाताई फ्रेम केलेला फोटो घेऊन आल्या. नवरा-नवरीचा असेल म्हणून आईने कौतुकाने कागद फाडला, तर आत चपला. लग्नाच्या हॉलच्या दाराशी पाहुण्यांनी काढलेल्या, एकमेकींवर चढलेल्या. देव्हारा असलेल्या खोलीत हा लावायचा कुठे, यावर आमच्या घरात चांगलीच खडाजंगी झाली.

कुंदाताई सरकारी कचेरीत टायपिस्ट. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर, त्यांची आई गेल्यापासून एकट्याच राहायच्या. हौसेने कॅमेरा घेतला होता आणि फोटो काढायच्या ते फक्त लोकांच्या दाराबाहेरच्या पादत्राणांचे. माणसांचे का नाही, असं विचारलं की म्हणायच्या, "माणूस कॅमेरा दिसला की चेहरा आवरतो. चपलेला ते जमत नाही." जिन्यात उजेड नसला की पायरीवर बसून पेन्सिलीने चित्र काढायच्या. सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन बाहेर आलेल्या माणसाला त्या अडवायच्या, "थांब रे, तुझी डावी राहिलीय." बिचारा अनवाणी उभा. मीही राहिलोय.

एकदा त्यांनी घरातच प्रदर्शन भरवायचं ठरवलं. त्यानंतर दिसेल त्याला एकच प्रश्न, "येशील ना?" मला दूध आणायला जाताना विचारलं आणि परत येताना पुन्हा विचारलं. खरं म्हणजे त्यांच्याकडे कोणी जात नसे. वाकडं काही नव्हतं; त्याच सगळ्यांकडे यायच्या, त्यामुळे आपणही जावं हे कुणाला सुचलं नव्हतं. त्यात चपला बघायला कोण वर चढणार? मी बायकोला म्हटलं, आपण दोघं तरी जाऊ.

रविवारी वर गेलो, तर अख्खी बिल्डिंग हजर. आपल्या चपला लावल्यात की काय, ही धास्ती प्रत्येकाला होती.

आधी नुसती हसाहशी चालली होती. तुटलेला अंगठा कुणाचा, सेफ्टी पिन कुणाची. मग हळूहळू आवाज खाली आला. एका फोटोत म्हाताऱ्या आईच्या झिजलेल्या स्लिपरांशेजारी आखातातून सुट्टीवर आलेल्या मुलाचे चकचकीत बूट होते, आणि त्या बुटांची तोंडं कुणीतरी घराकडे वळवून ठेवली होती. दुसऱ्या फोटोत गिरणीत कामाला असलेल्या परबांच्या चपला, आणि दारावर भर दुपारचं ऊन. गिरण्यांचा संप चालू होता, परब कामाविना घरी बसून होते, तेव्हाचा तो फोटो. परब त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. "माका वाटला, कोणाक कळला नाय," एवढंच म्हणाले.

आम्ही रोज त्याच दारांवरून जात होतो, आणि या बाईने तिथे माणसांचं केवढं काय पाहून ठेवलं होतं.

हे त्यांना सांगावं म्हणून शोधलं, तर त्या घरात नव्हत्या. बाहेर पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर कागद, हातात पेन्सिल. समोर त्यांच्याच दाराशी चपलांचा ढीग पडला होता, निम्मा जिना व्यापून. मला बाहेर आलेलं पाहून त्या दचकल्या.

"निघालास?" त्यांनी विचारलं. मग कागदाकडे बघतच हळू आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांना जरा थांबव ना रे. माझ्या दाराचं चित्र पहिल्यांदाच काढतेय."

मी आत गेलो आणि सगळ्यांना पुरेल एवढ्या चहाचं आधण ठेवलं.