एक लाख तीनला कोणी घेईना

शाल्मलीला आठवडाभर झोप नव्हती, कारण तिच्या मुलीच्या संख्येला कशानंच भाग जात नव्हता.

त्यांच्या गावात मूल जन्मलं की नगरपालिका त्याला पुढची संख्या देते, आणि शाळेत ज्यांच्या संख्यांना एकाच आकड्यानं भाग जातो ती मुलं एकत्र डबा खातात. दोनवाली व्हरांड्यात, तीनवाली नळापाशी, सातवाली चिंचेखाली. ऊर्वीच्या वाट्याला आले एक लाख तीन. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरची बाई आधी मोकळी झाली आणि तिच्या मुलाला एक लाख दोन मिळाले. त्याला दोनानं, तीनानं, सातानंही भाग जातो. त्याची आई आत्तापासूनच तीन डबे घेऊन बसलीय. आपण आणखी जरा कळ काढली असती तर निदान सम संख्या तरी पदरात पडली असती, हे शाल्मलीच्या डोक्यातून जाईना. एवढं शिकून नेमकी तिथेच घाई केली.

सोमवारी शाळा सुरू होणार, म्हणून शुक्रवारी ती ऊर्वीला घेऊन वर्गीकरण कक्षात गेली. तिथले सोनटक्के सभ्य गृहस्थ. त्यांनी बाह्या सारल्या आणि तिच्यासमोर पुन्हा भाग घालून दाखवला. दोनानं एक उरला. तीनानं एक उरला. सातानंही एकच. उरलेले एक ते टेबलाच्या कडेला ठेवत गेले.

"अहो, एकच तर उरतोय," शाल्मली म्हणाली. "घ्या ना सातात सामावून. ती काही फार जागा घेत नाही."

"ताई, आज एक चालवला, तर उद्या लोक पाच उरलेले घेऊन येतील."

तिच्या समाधानासाठी त्यांनी तीनशे तेरापर्यंत सगळं करून पाहिलं. त्यातल्या मोठमोठ्या बाक्या खालच्या टोपलीत ढकलल्या आणि शिक्का मारला : मूळ संख्या. दोनाच्या अंतरावर दुसरी मूळ संख्या असती तर जोडीनं बसवलं असतं, म्हणाले; पण एक लाख एकला अकरानं भाग जातो, आणि एक लाख पाचचं तर बघायलाच नको. मूळवाल्यांना स्वतंत्र सतरंजी असते. प्रत्येकी एक.

शाल्मलीचा आवाज चढला. एकानं तरी भाग जातो की नाही हिला? मग तो गट का नाही?

"एकानं सगळ्यांनाच जातो, ताई. तो गट केला तर अख्खी शाळा एकत्र जेवायला बसेल." सोनटक्क्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती.

एवढ्यात ऊर्वीनं टेबलाच्या कडेचे तिन्ही एक उचलून फ्रॉकच्या खिशात घातले. शाल्मली ओशाळली. राहू द्या, सोनटक्के म्हणाले, संध्याकाळी टाकूनच देतो.

जिना उतरताना शाल्मली शब्द जुळवत होती. एकटं जेवणं म्हणजे काही शिक्षा नव्हे, असं काहीसं सांगायचं होतं, पण तिचं तिलाच ते पटेना. शेवटच्या पायरीवर ती थांबली. "ऊर्वी, सोमवारी ना, तुला..."

"सोमवारी मोठा डबा दे," ऊर्वी खिसा सांभाळत म्हणाली. "आम्ही चौघं आहोत."